तीन क्रेडोंचं अंडं

नावालकार्दो,
गुरुवार, २८ ऑगस्ट १९७५

प्रिय एलादियो,

'प्रिय' लिहिताना थांबले. डायरीत बरीच वर्षं मी तुझा उल्लेख नुसता 'ए.' असा करते, त्यामुळे हा शब्द तुझ्या नावामागे शेवटचा कधी लावला ते जुन्या वह्यांत शोधावं लागलं असतं. पण पत्राची सुरुवात दुसऱ्या कशाने करायची ते मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा राहू दे. आधी बातमी. एक ऑक्टोबरपासून मी सोरियाच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवणार आहे. नेमणुकीचा कागद आला आणि त्यावर माझी सही झाली. तुझी सही कुणी मागितली नाही. बायकोने नोकरी धरायला नवऱ्याची परवानगी लागणार नाही, असा कायदा मे महिन्यात झाला. तुझ्या कारखान्यातल्या आपल्या लोकांत त्यावर विनोद झाले असतील. इथेही झाले. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, आणि माझ्या नावाखाली दुसऱ्या कुणासाठी रिकामी रेघ नसलेला कागद मी पहिल्यांदाच पाहिला.

राहता राहिला तुझा प्रश्न. 'आईचं अंडं कोण उकडेल?' हे तू मला दोनदा लिहून विचारलंस, आणि दोन्ही वेळा तो नकार होता. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, या शिस्तीत मी वाढले आहे. तेव्हा हे उत्तर. तू तेरा वर्षांपूर्वी जर्मनीत हानोव्हरला गेलास त्याच हिवाळ्यात तुझ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तिच्या सकाळच्या अंड्याचं काम माझ्याकडे आलं. ते मी कसं करत आले ते इथे पायरीपायरीने लिहिते. काही गाळणार नाही. मध्येच शेवटचं पान उलटून पाहू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

अंडं आदल्या दिवशीचं घ्यायचं. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग हट्टी असतो, लवकर घट्ट होत नाही. ते थंड जागेत ठेवायचं नाही, नाहीतर उकळत्या पाण्यात पडताच तडकतं. पातेलं लहान हवं आणि पाणी अंड्यावर दोन बोटं. पाण्याला नुसते बुडबुडे येऊन भागत नाही, ते खळखळ उसळायला हवं. मग अंडं चमच्यात घेऊन पाण्यात सोडायचं, टाकायचं नाही. निघालेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट लागलेल्या दह्यासारखा हवा आणि बलक मधासारखा वाहता. पांढरं थोडं जरी ओघळलं तरी ती चमचा खाली ठेवते आणि म्हणते, "मास्तरीणबाई, याला सर्दी झालीय, आधी नाक पुसा याचं." बलक बसला असेल तर म्हणते, "हे खिशात ठेव. रस्त्यात कुत्रं अंगावर आलं तर फेकून मारायला होईल." पहिल्या वर्षी मी हे दोन्ही विनोद इतक्या वेळा ऐकले की मला त्यांच्यातले श्वाससुद्धा पाठ झाले.

आता वेळ. ते तीन क्रेडोंचं अंडं आहे हे तुला माहीत आहे, तू त्यावरच वाढलास. पण तू जेवायच्या टेबलाशी बसायचास, चुलीशी नाही, म्हणून सविस्तर सांगते. अंडं पाण्यात पडलं की आई भिंतीवरच्या क्रूसाकडे तोंड करून उभी राहते आणि चर्चच्या मिस्सेतला लांब क्रेडो, 'मी एका देवाला मानतो' ही अख्खी प्रार्थना, तीनदा म्हणते. मोठ्याने आणि लॅटिनमध्ये. दहा वर्षांपूर्वी मिस्सा स्पॅनिशमध्ये सुरू झाली तेव्हा फादर सिरिलोंनी तिला समजावलं होतं की वेनान्सियाबाई, आता घरातली प्रार्थनाही आपल्या भाषेत करायला हरकत नाही. ती म्हणाली, "देवाला चालत असेल फादर, तो सगळ्या भाषा शिकलाय. अंडं नाही शिकलं." घड्याळ लावून उकडलेलं अंडं ती खाणार नाही. ते तिला वासावरून कळतं असं ती म्हणते. कसं ते मला विज्ञानाची पदवी असूनही सांगता येत नाही.

आणि क्रेडोच्या मध्यावर, देव माणूस झाला या ओळीला, ती गुडघा टेकते. जुन्या पद्धतीने. स्वयंपाकघराच्या फरशीवर उजवा गुडघा पूर्ण टेकून, मान खाली घालून, मग उठून पुढची ओळ. एका अंड्याला तीनदा. एलादियो, तू गेलास तेव्हा ती पासष्टची होती आणि या टेकण्या-उठण्याला चार सेकंद लागायचे. मी मोजले आहेत, लग्नाआधी शिकवत होते तेव्हा मुलींनी निरोपाला दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ एप्रनच्या खिशात असायचं. त्या वर्षी तीन क्रेडो बरोबर चार मिनिटांत व्हायचे आणि अंडं बरोबर व्हायचं. पुढच्या हिवाळ्यात चार मिनिटं दहा सेकंद झाले आणि बलक कडेने बसायला लागला. प्रार्थना तीच आणि चालही तीच होती. फक्त गुडघा उशिरा उठत होता. ती मला रागावली. मी घाई करते, आच मोठी ठेवते, असं म्हणाली. गुडघ्याचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

मग मी एक युक्ती केली. ती क्रूसाकडे वळली की माझ्याकडे तिची पाठ असते. मी चमच्यात अंडं धरून थांबायला लागले. पहिला शब्द निघाला की सोडण्याऐवजी पहिली ओळ संपली की सोडायचं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या ओळीला. दर ईस्टरनंतर मी नवीन मोजमाप घ्यायचे आणि डायरीत लिहायचे. ती वही कुणाला सापडली तर ती बाई एकतर फार धार्मिक होती किंवा वेडी, असं म्हणतील: '१९६६, चौथी ओळ. १९६९, सहावी. १९७२, गुडघा टेकताना.' यंदा तिला एका क्रेडोला दोन मिनिटं लागतात. उठताना ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरते. आता अंडं मी दुसऱ्या क्रेडोच्या पहिल्या ओळीला सोडते. पहिला संपूर्ण क्रेडो नुसत्या उकळत्या पाण्यासाठी असतो. तिचं अंडं अजून तसंच निघतं, आणि म्हणून तिला वाटतं की तीही अजून तशीच आहे. निदान मी तसं समजत होते.

तुझं पहिलं पत्र आठवतं? नोव्हेंबर बासष्ट. वसतिगृहात तू स्वतः अंडं उकडलंस, तीन क्रेडो म्हटलेस, घरच्यासारखेच, आणि बलक घट्ट निघाला. तू आईसाठीच्या कागदावर लिहिलंस, 'आई, इथे एकटेपणामुळे माझी प्रार्थना सावकाश होत असावी, शब्दाशब्दावर मन थांबतं.' ते वाचून दाखवल्यावर आई रडली. मला घेऊन ती घरोघर गेली आणि मी ते सात घरांत वाचलं. शेजारच्या सातूरियाने हात जोडले. फादर सिरिलो रविवारच्या प्रवचनात म्हणाले, परदेशात लोकांची श्रद्धा सैल पडते म्हणतात, पण आपल्या एलादियोची अंडीसुद्धा घट्ट होतात. लोक हसले आणि काहींनी डोळेही पुसले. मी तिसऱ्या बाकावर बसून होते आणि मला खरं काय ते ठाऊक होतं. आपलं गाव समुद्रापासून बाराशे मीटर वर आहे. इथे पाणी शहाण्णव अंशांना उकळतं. हानोव्हर सपाटीवर आहे, तिथे जवळजवळ शंभराला. तेवढ्या वेळात तिथे अंडं जास्त शिजतं. एवढंच. तुझं मन शब्दांवर थांबत नव्हतं, पाणी जास्त गरम होतं. झारागोझाच्या विद्यापीठात रसायन शिकलेली बायको घरात असताना तू तिला विचारलं नाहीस, आणि तिनेही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारते आहे. तुझ्या आईचा आनंद मोडवेना हे एक कारण. दुसरं असं की तुझी इतकी मोठी चूक फक्त मला ठाऊक आहे, याचं मला सुख होतं. ते मी तेरा वर्षं जपलं आणि आज खर्च केलं.

सहासष्टमध्ये सोरियाच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली. मी परवानगीचा छापील कागद तुला पाठवला. तू तो कोराच परत केलास आणि मागे पेन्सिलने लिहिलंस, आईचं अंडं कोण उकडेल. पेन्सिलने, एलादियो. पेन शोधायचेही कष्ट घेतले नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट केली ती सांगते, म्हणजे मी गरीब गाय होते असा तुझा गैरसमज व्हायला नको. आईचे तीन क्रेडो संपले आणि मी अंडं काढलं नाही. पाठ करून उभी राहिले. ती म्हणाली, "झाले तीन." मी म्हणाले, ऐकलं. मग तिने आपणहून आणखी तीन म्हटले, आणखी तीनदा गुडघा टेकून. अंडं दगड झालं. तिने ते सोललं, मीठ लावलं, पावाबरोबर शेवटपर्यंत खाल्लं आणि एकही विनोद केला नाही. बशी माझ्याकडे देताना एवढंच म्हणाली, "कोरा आला का कागद?" तिला वाचता येत नाही, दिसतही नव्हतं. मी सूड उगवायला गेले तुझ्यावर आणि तो तिने गिळला. डायरीत त्या दिवशी मी फक्त तारीख लिहिली आहे.

अडुसष्टच्या ऑगस्टनंतर तू सुट्टीला आला नाहीस. सत्तरमध्ये माझ्यासाठीच्या कागदावर तू लिहिलंस की इर्मट्राउट नावाच्या बाईबरोबर तू राहतोस, आपल्याकडे घटस्फोट नाही त्याला तुझा इलाज नाही, आणि आईला काही कळू देऊ नकोस, ती खचेल. एकाहत्तरच्या वसंतात तुला मुलगी झाली. हायके. त्याच वर्षी शरदात मी परवानगीचा दुसरा कागद पाठवला आणि तू पुन्हा तोच प्रश्न विचारलास. त्या वेळी पेनाने. मी हे दोन कागद शेजारी ठेवून पुष्कळदा वाचले आहेत. तुझ्या घरी बाई होती आणि पाळण्यात मूल होतं, आणि तुझ्या आईच्या पातेल्यासमोर मी उभी राहायला हवी होते, कायद्याने.

प्रत्येक लिफाफ्यात दोन कागद असायचे. आईचा कागद दरवेळी लहान होत गेला. पाच ओळी, मग तीन. मग नुसतं 'बरा आहे, थंडी आहे.' ती स्टुलावर बसून वाट पाहायची आणि मी दोन ओळींचं पत्र वाचून थांबले की म्हणायची, "पान उलट ना." मग मी पान उलटायचे. मागे काही नसायचं. मी वाचायचे: आई, तुझ्या हातच्या मटणाची आठवण येते. आई, वसतिगृहात बारा जण आहोत पण रविवारी मी एकटा बसून तुझा विचार करतो. आई, गुडघ्यांना जप. पाच वर्षांत मी तुला इतका चांगला मुलगा करून टाकला की तुझ्या खऱ्या पत्रांचाच मला राग यायला लागला. तू त्याच्यासारखं काही लिहीतच नव्हतास.

जूनमध्ये मी तुला नोकरीचं कळवलं आणि जुलैत तुझं उत्तर आलं. त्या वेळी लिफाफ्यात एकच कागद होता, माझा. 'कायदा काहीही म्हणो, म्हाताऱ्या आईला टाकून गेलीस तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी इथून काय करू? दोन खोल्यांची जागा, इर्मट्राउटला नोकरी, हायकेला शाळेत घालायचंय. आई आहे तोवर थांब. आणि तिला यातलं काही सांगू नकोस.' आई स्टुलावर बसली होती. अंड्याची बशी अजून टेबलावर होती. मी कागद उघडला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जसाच्या तसा वाचला. नावांसकट. आवाज मुळीच कापला नाही.

तिने बशी चाचपून बाजूला सारली. मग म्हणाली, "आज भराभर वाचलंस." मी म्हणाले, कसं वाचायला हवं होतं? "खोटं वाचतेस तेव्हा हळू वाचतेस. मधेमधे श्वास घेतेस. पाच वर्षं ऐकतेय." ती पुढे म्हणाली, "मटणाची आठवण त्याला येणार नाही हे कळायला डोळे कशाला लागतात? मी करपवायचे मटण. पण तू छान वाचायचीस, म्हणून पान उलटायला सांगायचे." मग तिने एप्रनला हात पुसले आणि म्हणाली, "आणि अंडं. आधी मी तोंड उघडलं की मागे डुब् असा आवाज व्हायचा. आता अख्खा क्रेडो संपतो तरी होत नाही. मला वाटायचं, पोरीला हेही सांगू नये, तिला बरं वाटतंय तर वाटू दे." आम्ही दोघी तेरा वर्षं एकमेकींना सांभाळून घेत होतो, एलादियो, एकमेकींना न सांगता. तुला कुणी सांभाळून घेत नव्हतं. तू आपोआप सुटत होतास.

पण हायकेचं तिला माहीत नव्हतं. ते नाव तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि तरी चुकीचंच म्हटलं. "चार वर्षांची? आणि सकाळी काय खाते?" मी म्हणाले, मला काय माहीत. "अंडं खाते?" माहीत नाही हो आई. "कोण उकडतं? तो?" आणि ती हसायला लागली. असं हसणं मी तिचं आधी ऐकलं नव्हतं. अंगणात कोंबड्यांना दाणे घालणारी सातूरिया दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय गं, एलादियो आला की काय?" आई म्हणाली, "नाही गं बाई. गेला."

इथे मला स्वतःला थोडं तपासायचं आहे. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं, 'आज आईला खरं सांगितलं.' वाचून पाहिलं आणि खाली लिहिलं, 'आनंदाने सांगितलं.' दुसरी ओळ खोडावी असं दोन दिवस वाटलं, मग खोडली नाही. तू तिला दुखवू नकोस म्हणालास आणि मी ठरवून तेच केलं, तुला दुखवता यावं म्हणून. ती दुखावली नाही हा माझा गुण नव्हे. ती तुटली असती तर आज मी हे पत्र कोणत्या तोंडाने लिहिलं असतं? सातूरियाला मी हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या बायका आधी थोबाडीत मारता आणि मग हात दुखला का ते बघत बसता. मारलीस ना? बस झालं." मला तिच्यासारखं होता येत नाही. पण मारली, हे खरं आहे.

आता राहिलेली कृती. हानोव्हरमध्ये अर्धा मिनिट कमी. म्हणजे आईच्या सध्याच्या चालीने अंडं दुसऱ्या क्रेडोच्या पहिल्या ओळीला न सोडता ती दुसऱ्यांदा गुडघा टेकायच्या जरा आधी सोडायचं, तिचे डोळे मिटलेले असतात तेव्हा. गॅसची आच बारीक करायची नाही. काढलं की लगेच थंड पाण्यात एकदा बुडवायचं, दोनदा नाही, नाहीतर कोमट लागतं. अंडं ठेवायची लाकडी वाटी तुझ्या वडिलांनी केलेली आहे, तिला साबण लावायचा नाही. वरचं टोक चमच्याच्या पाठीने फोडायचं, सुरीने नाही. पावाच्या बोटाएवढ्या पट्ट्या, कडक, लोणी न लावता. मीठ तिच्या हाताशी, मिठात तिला ढवळाढवळ चालत नाही. आणि उठताना तिला आधार द्यायला जायचं नाही. टेबल भिंतीला घट्ट टेकवून ठेवायचं, म्हणजे ते सरकणार नाही. एवढंच करायचं आणि दुसरीकडे बघायचं. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. तुला किती लागतील सांगता येत नाही, कारण तुला बघायचीही सवय नाही आणि न बघायचीही. नाही, चुकलं. दुसरीची आहे.

आता कशासाठी लिहिलं ते. सातूरियाची पुतणी फेलीसा तुमच्याच शहरात असते. ऑगस्टच्या सुट्टीला ती इथे आली तेव्हा तिने माझं एक पत्र जर्मनमध्ये करून इर्मट्राउटला पाठवलं. मला वाटलं होतं ती फाडून टाकेल. तिने चार पानं उत्तर लिहिलं. तू तिला सांगितलं होतंस की तू विधुर आहेस आणि तुझी आई छप्पन्नच्या थंडीत वारली. मी कशाने वारले ते तू कधी नीट सांगितलं नाहीस म्हणे, तिला ते जाणून घ्यायचं आहे. मी सविस्तर कळवणार आहे. शनिवारच्या गाडीने आई फेलीसा आणि तिच्या नवऱ्याबरोबर निघते आहे. मी पाठवत नाही, ती जाते आहे. मी तिला सोरियाला माझ्याबरोबर चल म्हणाले होते, मनापासून म्हणाले होते, हे तू मानावंस अशी माझी अपेक्षा नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे काय आहे? शाळा आहे. तिकडे नात आहे." सोमवारी दुपारी दोनला तुझी पाळी सुटताना फेलीसा गेटवर हे पत्र तुझ्या हातात देईल आणि काही न बोलता निघून जाईल, असं ठरलं आहे. तू हे सगळं वाचावंस असं मला हवं होतं, उभ्याने, डबा हातात घेऊन, शेवटपर्यंत, कुणी तुला सावध करण्याआधी. तेवढ्यासाठी हे लांब केलं. घरी धावत जाऊ नकोस, घरी कुणी नाही. आई स्टेशनवर चार नंबरच्या फलाटावरच्या बाकावर बसली आहे. तिच्या एका बाजूला इर्मट्राउट आहे आणि दुसऱ्या बाजूला हायके. फेलीसाचा नवरा तिघींचं बोलणं इकडून तिकडे करतो आहे. त्यांच्यात आता तुझ्याबद्दल कुणाला काही विचारायचं राहिलेलं नाही. तू येईपर्यंत बाकावरून उठायचं नाही असं आईने सगळ्यांना सांगितलं आहे, आणि त्या दोघीही तिचं ऐकतील असं मला वाटतं.

कायद्याने अजून तुझीच,
कासिल्दा